अॅडॅप्टरचा डबा

बुधवारी जुन्या बाजारातून वस्तू उचलायची आणि गुरुवारी ती लावून बघायला आत्याकडे यायचं, हा बेत माझा भाचाच करू जाणे. पुण्यात गुरुवारी वीज असते का कधी? जेवणं उरकून पंख्याविना घामेजून बसलो होतो, तेव्हा त्याने कोशिंबिरीच्या वाडग्याशेजारी तो हिरवा बोर्ड ठेवला. जेमतेम दहा सेंटिमीटरचा चौकोन. ना डबी, ना झाकण.

"रूटर आहे, आत्या. मायक्रोटिकचा. लाटव्हियातल्या रिगाची कंपनी."

कुठे रिगा आणि कुठे मंगळवार पेठ!

"बारा व्होल्टचा अॅडॅप्टर असेल ना तुझ्याकडे?"

मी तोवर उठलेही होते. आमच्याकडे वस्तू मेली की अॅडॅप्टर माझा. भाऊ दर दिवाळीला "हे भंगार काढ आता" म्हणतो आणि अडलं की मुलाला माझ्याकडेच पाठवतो. पत्र्याचा मोठा डबा आहे, आणि आतल्या प्रत्येकाच्या शेपटीला चिकटपट्टी: "कॉर्डलेस फोन, ९", "सेट टॉप बॉक्स, १२", "पहिला मोडेम, ९". एकावर माझ्याच अक्षरात नुसतं "याचं काय?" असं लिहिलंय. ते कधी लिहिलं, देव जाणे.

बोर्डाच्या कागदावर १० ते २८ व्होल्ट लिहिलेलं. म्हणजे नऊचे सगळे बाद. बाराचे तीन निघाले. त्यातला वजनदार मी बाजूला ठेवला. आत नुसता ट्रान्सफॉर्मर असलेले ते जुने ठोकळे पाटीवर बारा लिहितात आणि भार नसला की सोळा-सतरा देतात. या बोर्डाला तेही चाललं असतं, पण खोटं बोलणाऱ्याला पहिला मान कशाला द्यायचा? व्होल्ट सांगितलेले हवेत, अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, बोर्ड लागेल तेवढेच ओढतो. पिनेच्या मधल्या भोकात प्लस आहे ना, हे त्या बारक्या गोल चित्रात पाहिलं. मग काय, वीज येईपर्यंत बसून राहिलो.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात नानांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तोही बटण फिरवल्यावर लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही पोरं त्या पिवळ्या पट्टीकडे बघत बसायचो. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली, आणि अर्थिंगची तार खिडकीतून खाली अंगणात. उन्हाळ्यात आवाज खरखरला की नाना वरून ओरडायचे, "अर्थला पाणी घाल गं!" मी तांब्या घेऊन धावायचे. त्या ओल्या मातीने खरंच काही फरक पडायचा का, हे मी कधी विचारलं नाही. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे एकेक लाट पावणेचारशे मीटरच्या पुढे. तिला पकडायला सगळं माजघर लागायचं. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, तिला बोटभर अँटेना पुरते.

ती बोटभर अँटेना मी भाच्याकडून आधी लावून घेतली. वाय-फायच्या लाटा सोडणारं रेडिओकार्ड अँटेनेशिवाय चालू करू नये, पाठवलेली शक्ती उलटून कार्डावरच येते. तो "हो गं" म्हणाला, पण लावली.

चारच्या सुमारास पंखा हलला. बोर्डावरचा दिवा लागला, एक बीप झाली, आणि थोडं थांबून पाठोपाठ दोन. भाचा लॅपटॉपवर रूटरचा पत्ता, १९२.१६८.८८.१, टाईप करत होता. नाव अॅडमिन, पासवर्ड रिकामा. अशा उघड्या दाराची मला धास्ती वाटते, म्हणून बाकी काही करायच्या आधी पासवर्ड घालायला लावला.

बोर्ड जायचाय गच्चीवर, आणि तिथे प्लग नाही. त्यावर त्याच्याकडे तोडगा तयार होता. शंभर मेगाबिटच्या जोडणीला नेटवर्क केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी केशरी आणि हिरवी पुरतात. निळी आणि तपकिरी रिकाम्या असतात, वीज त्यांतून वर न्यायची. निळीत प्लस, तपकिरीत मायनस. मी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला: वीस मीटर केबल, अर्धा अँपिअर, म्हणजे बारातला जवळजवळ एक व्होल्ट जिन्यातच जाणार. अकरा पोचले तरी चालतील, पण चोवीसचा लावला तर प्रवाह निम्मा आणि वाटेत गळणारी वीज पाव. मात्र केबल अस्सल तांब्याची हवी. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त पडते, तिच्यात गळती आणखी.

चोवीसचा माझ्या डब्यात नव्हता. हे मला जरा लागलंच.

तो चहा पीत होता तेव्हा सहज विचारलं, "माझ्यामागे या डब्याचं काय करशील रे?"

त्याने डब्यात पुन्हा एकदा हात घालून पाहिलं. "बाराचे मी नेईन. नऊचे आत्ताच देऊन टाक कुणाला तरी."