पुळणीवर चालताना

पुण्यात मी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर चालायचे. गुहागरला बदली झाली, तेव्हा आता चालायला समुद्रच मिळाला म्हणून केवढा आनंद झाला होता! पहिल्याच दिवशी सुरूच्या बनातून उतरून कोरड्या पुळणीतून शेजारच्या असगोली गावाकडे निघाले. पंधरा मिनिटांत धाप लागली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या होत्या आणि टाचेच्या वरची जाड शीर पाऊल टाकताच ओढत होती.

असं का होतं ते मग शोधून वाचलं. कठीण जमीन पावलाला उलटा आधार देते. वाळू मात्र पायाखालून सरकते आणि आपला जोर तिला सरकवण्यातच जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं होतं : वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. माझी धाप खरीच होती तर.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "ओहोटी बघून जा गं, ओल्या पुळणीवर. आणि पावलं आखूड टाक." तेच केलं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून चालण्याची वेळही तिच्यामागून सरकू लागली. पहिले दोन आठवडे फक्त ओली, घट्ट वाळू. नंतर दिवसाआड शेवटची पाच मिनिटं कोरडी.

मध्येच उजव्या कमरेत कळ यायला लागली. किनारा समुद्राकडे उतरता असतो, आणि मी जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याने जाऊन परतताना गावातल्या रस्त्याने येत होते. उतारावर रोज खाली राहायचा तो उजवाच पाय. परतही वाळूतूनच यायला लागले, तेव्हा आठवड्याभरात कळ गेली.

सहाव्या आठवड्यात कोरड्या पुळणीत अर्धा तास चालले. पायाची बोटं आपसूक वाळू धरत होती.

दिवाळीला पुण्याला गेले तर डांबरावर प्रत्येक पाऊल टाचेत धपकन बसू लागलं. धावणाऱ्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की पृष्ठभाग बदलला की पाय पहिल्याच पावलात स्वतःला जुळवून घेतो : मऊ जमिनीवर ताठ, कठीण जमिनीवर लवचीक. पण स्नायूंना आणि शिरांना ती सवय एका पावलात होत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या नडग्या ठणकल्या, आणि अंतर निम्म्यावर आणावं लागलं.

आता पुण्याला जायचं ठरलं की आदल्या आठवड्यात दोन-तीन दिवस गावातल्या डांबरी रस्त्यावर चालून घेते.