ज्योडीची दुबार पेरणी

‘आईनं पाडसाला गोळी मारली, ते बरोबर केलं असं कोणाकोणाला वाटतं?’

३८ पैकी ३५ हात वर गेले. उरलेल्या तिघांतला एक झोपलेला होता. तो रात्री हरभऱ्यात जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला असतो. शनिवारची सकाळची शाळा त्याला झेपत नाही, म्हणून त्याला उठवायचं नाही हे वर्गात ठरलेलंच आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्ह्याकडचं गाव, नववीचा वर्ग, ‘पाडस’ कादंबरीसाठी मराठीचे सलग दोन तास मागून घेतलेले. माझ्या टाचणात पुढची ओळ होती: ‘क्षणभर शांतता. मग मनात आलेल्या भावना सांगायला लावणे.’ शांतता वगैरे काही झाली नाही. ‘दोनदा पेरलेलं खाल्लं नं सर त्यानं,’ खिडकीजवळचा म्हणाला, ‘मंग काय पूजा करा लागे का त्याची?’ सगळे हसले. टाचण तिथंच संपलं.

वाचत होतो ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ कादंबरी १९३८ ची, १९३९ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. फ्लोरिडातलं झुडपी रान, अमेरिकेतलं यादवी युद्ध होऊन गेल्यानंतरची वर्षं, रानात एकटं घर, त्यात बारा वर्षांचा ज्योडी आणि त्याचे आईबाप. एप्रिलमध्ये सुरू होऊन पुढच्या एप्रिलला संपणारी गोष्ट. ज्योडी हरणाचं पिल्लू पाळतो, ते वाढतं, घरचं पीक खातं आणि त्याला मारावं लागतं. एवढं सांगितलं की मुलं लगेच ‘मुक्या प्राण्यावरील प्रेम’ असं वहीत लिहून मोकळी होतात. गाईड वाचून वाचून हात तसाच वळलेला असतो. म्हणून सारांश आधी सांगायचा नाही, हा माझा पहिला नियम आहे.

प्रती तीनच होत्या: एक शाळेची, एक माझी, एक तालुक्याच्या वाचनालयातली. जाड पुस्तक वर्गात पूर्ण वाचून होत नाही. त्याचे सहा तुकडे केले: ओढ्यात पाण्यावर फिरणारं चक्र ज्योडी करतो तो सुरुवातीचा भाग; बापाला साप चावतो तो; पिल्लू घरी आणतो तो; ज्योडीचा मित्र फॉडरविंग मरतो तो; पूर आणि त्यानंतरची जनावरांची साथ; शेवटी मका. एका तुकड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. मधला भाग पाच-सात मिनिटांत तोंडी सांगायचा. एका मुलानं एका वेळी एकच पान वाचायचं. त्याहून जास्त झालं की वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो आणि ऐकणारे बाकावर रेघोट्या ओढायला लागतात. अस्वलाच्या शिकारीची प्रकरणं मी तोंडी उरकली, ते चुकलं. या घरात मारणं हे रोजचं काम आहे, बाप हौसेनं मारत नाही, हे त्या प्रकरणांतून हळूहळू मुरतं. ते न मुरता शेवट वाचला की गोळी एकदम आभाळातून पडल्यासारखी वाटते.

परकी नावं हा पहिला अडथळा. बापाचं नाव पेनी, आणि निम्म्या वर्गानं दोन दिवस त्याला ज्योडीची बहीण समजून ऐकलं. कार्डशीटवर नावं, नातं आणि एकेक खूण लिहून फळ्याशेजारी टांगली. पेनी: बाप, अंगानं लहानखुरा, म्हणून छोट्या नाण्याचं नाव पडलं. फॉडरविंग: शेजारच्या फॉरेस्टरांचा अपंग मुलगा, प्राणी पाळणारा, पाडसाला ‘फ्लॅग’ हे नाव देणारा. तक्ता टांगल्यावर ‘सर, हा कोण?’ बंद झालं.

सापाच्या भागाशी गोष्ट थांबवून दुसरंच बोलावं लागतं. पेनीला साप चावतो, तो समोर आलेल्या हरिणीला गोळी घालतो, जखम कापतो आणि तिचं काळीज विष ओढून घेईल म्हणून जखमेवर लावतो. पुढे तो जगतो. आमच्या शिवारात नाग, मण्यार, घोणस तिन्ही आहेत, आणि वर्गातली मुलं डोळे मोठे करून ऐकत असतात. म्हणून पुस्तक मिटून सांगितलं: हा त्या काळच्या माणसांचा समज होता. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. चावलेला हातपाय हलू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात न्यायचं. हे दोनदा वदवून घेतलं. साहित्याच्या तासाला हे कशाला, असं कोणी म्हणेल. त्यानं पावसाळ्यात आमच्याकडे एक रात्र काढावी.

तर ३५ हात. मला ते खटकले, पण मुलांनी चुकीची बाजू घेतली म्हणून नाही. या मुलांना बाजू घ्यायला पुस्तक लागतच नाही. डुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी घरोघर जागल चालते, शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात, ज्याला जमेल तो कुंपणाच्या तारेला विजेचा सौम्य धक्का देणारं झटका मशीन लावतो. सोयाबीनला एकरी ३० किलो बी लागतं. पेरणी मोडली की पुन्हा ३० किलो, हे गणित त्यांना पाढ्यासारखं पाठ. एका मुलीनं तर विचारलं, ‘आमच्या इकडं डुकरानं पेरा खाल्ला त पंचनामा होते. त्यायनं काऊन नाही केला?’ खटकलं ते हे की त्यांनी निकाल दिला तो आपल्या शेतावरून. ज्योडीचं शेत अजून कोणी नीट पाहिलंच नव्हतं.

आणि माझा प्रश्नच चुकला होता. ते कळलं तेव्हा खडू हातातच राहिला. मी विचारलं, ‘शेवटची गोळी कोणाची?’ पुन्हा तेच: आईची. नऊ जणांनी मात्र ‘ज्योडीची’ म्हटलं, तेही दबक्या आवाजात. परिच्छेद पंधरा मिनिटांपूर्वीच मोठ्यानं वाचला होता! आई गोळी झाडते खरी, पण तिचा नेम चांगला नाही. पाडस जखमी होऊन तडफडत राहतं. बाप अंथरुणावरून हलू शकत नाही, आणि शेवट ज्योडीलाच करावा लागतो. ‘आईनं मारलं’ हे मीच प्रश्नात बोलून गेलो होतो आणि मुलांनी ते धरलं. वाक्यं लहान असतात, घटना भराभर घडतात, ऐकणारा पहिल्या गोळीपाशीच अडकतो. अशी जागा दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबून ‘आता बंदूक कोणाच्या हातात आहे?’ एवढंच विचारायचं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

मग फळ्यावर चार रकाने आखले. काय गेलं. काय उपाय केला. बाप काय म्हणाला. ज्योडीला काय वाटलं. तीन प्रती तीन गटांत फिरवल्या आणि ओळ सापडल्याशिवाय फळ्याकडे यायचं नाही असं ठरवलं. पहिली ओळ तंबाखूच्या रोपांची भरली. दुसरी उगवलेल्या मक्याची. तिसऱ्या ओळीला एकानं उपायाच्या रकान्यात सरळ लिहिलं: ‘दुबार पेरणी’. तो शब्द पुस्तकातला नाही, पण मी पुसला नाही. बापाला झाडाचं खोड उपटताना इजा होऊन तो पडून असतो. ज्योडी पुन्हा मका पेरतो, कुंपण उंच करतो, आणि पाडस ते उडी मारून पार करतं. पुन्हा मका गेला. मग बाप सांगतो, रानात ने आणि मार. ज्योडी नेतो, पण त्याच्या हातून होत नाही.

चौथा रकाना भरताना नेहमीची गडबड झाली. ‘ज्योडीला फार दुःख झाले.’ कुठे लिहिलंय? बोट ठेव. बोट ठेवता येईना. दुःख हा शब्द न वापरता लेखिकेनं त्याला काय करायला लावलं ते शोधा म्हटल्यावर दहा मिनिटं गेली, पण मिळालं ते चांगलं होतं: तो कामाचा डोंगर उपसतो, कारण तेवढं केलं तर पाडस वाचेल. ‘म्हंजे थो मक्यासाठी नाही राबत,’ मघाची पंचनामावाली म्हणाली. तिनं मत बदललं नव्हतं, अजूनही ती आईच्या बाजूची होती. पण आता ती पुस्तकातलं बोलत होती.

आईवर वर्ग जास्त वेळ थांबला, तेही त्यांनीच थांबवलं. आई सुरुवातीपासून तुसडी का, हा प्रश्न एका मुलीचा. मी पहिल्या भागाकडे परत नेलं. ज्योडीच्या आधीची तिची मुलं लहानपणीच गेली, त्यांना पुरलंय ते घराजवळच. वाचताना ते एका दमात ओलांडून गेलो होतो. त्या मुलीनं तक्त्यावर आईच्या नावापुढे स्वतःहून पेन्सिलीनं लिहिलं, ‘लेकरं गेलेली’.

हरिणीची आठवण मात्र कोणालाच राहिली नव्हती. पाडस पोरकं कशानं झालं? एकजण म्हणाला, वाघानं. फ्लोरिडात वाघ नाही, पण टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा उत्तर समजण्यासारखं होतं. मग दुसऱ्या तुकड्यातली जागा काढून दिली. त्याची आई पेनीनंच मारली होती, स्वतः जगायला. ज्योडी पाडस मागतो ते याच कारणावरून. इथं पहिल्यांदा वर्ग गप्प झाला. ‘मंग त्यायच्यावर त्याचं कर्ज होतं,’ मागून कोणीतरी म्हणालं.

कर्ज हा शब्द इथं आपोआप येतो. ‘श्यामची आई’ शिकवताना हेच होतं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, त्यात ४२ रात्री आहेत, हे सगळं पाठ असतं, पायाला माती लागू नये म्हणून आई आपलं लुगडं पसरते तेही माहीत असतं, आणि त्यामुळेच कोणी मनापासून ऐकत नाही. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो तो भाग काढला की बाकं सरकतात. शहरातल्या शिक्षकाला ते पुस्तक आईचं वाटत असेल. आमच्याकडे ते घरावर आलेल्या जप्तीचं आहे, आणि आई त्या घरात आहे.

दुसरा तास संपायला वीस मिनिटं होती. नावाकडे वळलो. मराठी नाव ‘पाडस’ गोड आहे, पण मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्षाचं झालेलं जनावर. पिल्लू नाही आणि पुरतं मोठंही नाही. याला आपल्याकडे शब्द आहे का? क्षणाचाही वेळ न लावता तीन-चार आवाज: ‘गोऱ्हा!’ ‘मादी असली त कालवड.’ शेवटी पळून जाऊन, उपाशी राहून ज्योडी घरी परततो तेव्हा बाप त्याला सांगतो की तू आता तसा वर्षाचा राहिला नाहीस. म्हणजे नावातला गोऱ्हा कोणता, हरणाचा की माणसाचा? यावर चर्चा होईल म्हणून मी दहा मिनिटं राखली होती. दोनही लागली नाहीत. ‘गोऱ्ह्याले कामी लावायच्या आंधी येसन घालतात,’ खिडकीजवळचा म्हणाला, ‘ज्योडीले येसन लागली.’ मी काहीतरी जोडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

उरलेल्या वेळात पाण्यावरच्या चक्राची दोन्ही वर्णनं, सुरुवातीचं आणि शेवटचं, पाठोपाठ वाचली. अर्थ विचारला नाही.

सोमवारी लेखी घेतलं. पाच गुणांचा एकच प्रश्न, स्वमताचा: ‘पाडसाचा शेवट टळू शकला असता का? पुस्तकातले किमान दोन आधार द्या.’ आधाराची अट घातली नाही तर ‘लेखिकेला असे सांगायचे आहे की’ या वाक्यानं निम्मी वही भरते. अट घातली तर उत्तरं लहान येतात, पण तपासता येतात. बावीसपैकी पंधरा-सोळा उत्तरांत कुंपण आलं, बऱ्याच जणांनी बापाची इजा लिहिली. हजेरी कमी होती, तुरीची सोंगणी चालू होती. माझी सगळ्यात मोठी पंचाईत केली ती शनिवारी झोपलेल्यानं. त्याला शेजाऱ्यानं मधल्या सुट्टीत गोष्ट सांगितली होती, पुस्तकातलं पानही दाखवलं होतं. त्यानं उत्तराच्या जागी एक प्रश्न लिहिला: ‘ज्योडीने जागल का केली नाही?’

वर्गात वाचून दाखवला. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, जागल बाहेरच्या जनावराची असते, घरात निजणाऱ्याची कोण करणार? दुसरी म्हणाली, बाप पडून, घरात दुसरं लेकरू नाही, दिवसा पेरायचं कोणं अन् रात्री जागायचं कोणं? हे दोन्ही आधार पुस्तकात सापडतात, बोट ठेवून दाखवता येतात. फक्त ते त्याच्या वहीत नव्हते, दुसऱ्यांच्या तोंडात होते. त्याच्या वहीवर पाचपैकी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.