नऊ एकांचा वर्ग

शाळेच्या आठवणींत सहली, स्नेहसंमेलने आणि सरांच्या छड्या यांविषयी इतर मित्र लिहितीलच. मी फळ्यावरची एक संख्या निवडतो : १२३४५६७८९८७६५४३२१.

हा १११११११११ चा वर्ग. देवळालीत शिक्षकी करता करता संख्यांचा ध्यास घेतलेले द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हणत, जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्थानकावरून.

गुणाकार चौकटीच्या वहीतच मांडा, घर सरकवताना तिथेच घोटाळा होतो. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, असे नवव्यात नऊ. पुढे उतरती भाजणी. हातचा कुठेच नाही, म्हणून रकान्यातली मोजदाद जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा एक घेतले की बिघडते. मधल्या रकान्यात १० होतात, हातचा शेजारच्या ९ मध्ये मिळून तिथेही १०. पुढचा हातचा ८ मध्ये पडून ९ होतात आणि गाडी थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरते, कारण दर हातच्याला दहा जाऊन एकच येतो, म्हणजे ९ घटतात. हातचे दोन, घट १८. हा ताळा कुठल्याही बेरजेला लावून पाहा. स्प्रेडशीटवर मात्र विसंबू नका : ती पंधराच अंक राखते आणि आपल्या सतरा अंकी संख्येतल्या शेवटच्या २१ च्या जागी ०० दाखवते.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने निःशेष भागही जातो. पण त्यावरून कसोटी बनवू नका. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची बेरीज २७ येते, तरी २७ ने भागल्यावर ९ उरतात. इथे भाग जातो तो १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून. ३७ साठी तिनाचे गट करा : १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ३७ × ८१. (९९९ ला ३७ ने भाग जातो, म्हणून हे गट चालतात.)

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, त्यामुळे (३ चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा; प्रत्येकात १ मिळवून) एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

खरी मजा ३३३६६७ मूळ आहे हे दाखवण्यात. सरळ मार्गाने ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागावे लागेल. पण ९ आणि ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ हेच, आणि त्यांनी तर इथे भाग जात नाही. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो, म्हणून त्याच्या दुसऱ्या कोणत्याही मूळ अवयवाने १० च्या घातांना भागत गेले, तर १ बाकी पहिल्यांदा नवव्या घाताला येते. फर्माच्या प्रमेयानुसार अवयवापेक्षा १ ने लहान घातालाही १ बाकी येते, म्हणून त्या घाताला ९ ने भाग जायला हवा; अवयव विषम असल्याने २ नेही जातो. मग तो अवयव १८ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच हवा. अशा १९, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत सोळाच मूळ संख्या आहेत. एकीनेही भाग जात नाही.