आमची वाटचाल : कमिशन बंद केलं तिथून

मी मूळची अकाउंट्सवाली. नाशिकला एका मंगल कार्यालयात सहा वर्षं बिलं, पावत्या, डिपॉझिट हेच बघायचे, त्यामुळे केटरर, मांडववाले, फोटोवाले, बँडवाले, फुलवाले सगळे माझ्या टेबलासमोरून जायचे आणि कोण पैशाला कसा आहे, कोण दिलेल्या वेळेला येतो, कोणाची माणसं खरकटं तसंच टाकून निघून जातात हे मला न विचारताच कळायचं. तारीख धरायला आलेली लग्नघरची माणसं हॉल बघून झाला की हळूच विचारायची, ताई, जेवणाला कोण चांगलंय हो? मी नाव सांगायचे. पुढे पुढे लोक हॉलसाठी नाही तर फक्त हे विचारायला यायला लागले.

2015 ला नोकरी सोडली. मिस्टरांचं पंचवटीत बिछायतीचं गोडाऊन होतं, त्याच्याच पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फोन घेऊन काम सुरू केलं. लग्नघराला लागेल तो माणूस गाठून द्यायचा आणि त्याच्याकडून कमिशन घ्यायचं, एवढंच काम होतं आमचं. या लाईनीत सगळे असंच करतात, केटरर ताटामागे 10 रुपये देतो, डेकोरेशनवाला ठरलेल्या रकमेचे दहा टक्के देतो, बँडवाला सुपारी ठरली की पाकीट आणून देतो. लग्नघराला काही द्यावं लागत नाही म्हणून तेही खूश. पहिली दोन वर्षं बरी गेली, गाडी घेतली, मुलाला चांगल्या शाळेत घातलं.

मग मे 2017 चं एक लग्न. निफाडकडची द्राक्षबागाईतदार मंडळी, पहिल्याच मुलीचं लग्न, 1200 ताटांची ऑर्डर, केटरर आम्ही दिलेला. त्या दिवशी दाट तिथी होती, म्हणजे गंगापूर रोडपासून संभाजीनगर रोडपर्यंत एकही लॉन्स रिकामं नव्हतं. सकाळी 8 ला मी गेले तर शेगड्यांवर ओळखीचा एकही चेहरा नाही. विचारलं तर कळलं की आमच्या केटररने त्या एका तिथीला तीन लग्नं घेतली होती आणि हे लग्न दुसऱ्याच आचाऱ्याला पुढे देऊन टाकलं होतं, स्वतः दिवसभर आलाच नाही. दुपारी पावणेदोनला दुसरी पंगत बसायच्या आत मसालेभात संपला. जिलेबी होती, मठ्ठा होता, पण भात नाही आणि पोळ्या अर्ध्या कच्च्या. मुलीचे वडील फेटा काढून हातात धरून वाढप्यांच्या मागे मागे फिरत होते, अहो थोडं थोडं वाढा, पाव्हणे बसलेत. शेवटी गावातल्या बायकांनी पदर खोचून पातेलीभर पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. माझ्या पर्समध्ये 12,000 रुपये होते, तेच, ताटामागे 10 प्रमाणे केटररने मला दिलेले. ते मी त्यांच्यापुढे ठेवले आणि कशाचे आहेत तेही सांगितलं. ते पैशाकडे बघेनातच. म्हणाले, ताई, दोन हजार कमी-जास्त झालं तर मला काही नाही, पण तुम्ही सांगितलं म्हणून मी कुठं चौकशीच केली नाही ना.

त्या वाक्यावर मी दोन रात्री झोपले नाही. कारण खरी गोष्ट अशी होती की मीही चौकशी केली नव्हती, मला तो माणूस कार्यालयापासून माहीत होता, पैसे वेळेवर द्यायचा, बास. आणि त्याच्यापेक्षा चांगला एक आचारी मला माहीत होता, जो कमिशन देत नव्हता म्हणून मी त्याचं नाव कधी पुढे केलंच नाही.

त्या महिन्यात मिस्टर आणि मी बसून ठरवलं, व्हेंडरकडून एक रुपया घ्यायचा नाही, दिवाळीची मिठाईसुद्धा नाही. फी घ्यायची ती लग्नघराकडून, तीही आधी सांगून, आणि काम एकच, ज्या माणसाला तुम्ही पैसे देणार आहात तो तपासून द्यायचा. मग तो आम्ही सुचवलेला असो नाहीतर तुमच्या आत्याच्या ओळखीचा असो. पहिलं वर्षभर लोकांना हे पचतच नव्हतं, बाकीचे तर फुकट नाव देतात, तुम्ही पैसे का मागता? 2018 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे फक्त 9 लग्नं होती आणि घर बिछायतीच्या भाड्यावर चाललं. पण मला ते वर्ष आठवलं की अजून बरं वाटतं.

तपासतो म्हणजे काय करतो ते सांगते, कारण हे कुणालाही घरबसल्या बरंचसं करता येतं. आधी कागद. केटरर, आचारी, मिठाईवाला कुणी का असेना, त्याच्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर पाहिजेच, छोट्यातल्या छोट्यालाही रजिस्ट्रेशन लागतं, आणि तो नंबर त्या खात्याच्याच फॉसकॉस नावाच्या साईटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की संपलाय ते दिसतं. बिलावर छापलेला नंबर भलत्याच कुणाचा निघाला असंही आम्हाला दोनदा सापडलंय. जीएसटी नंबर दिला असेल तर तो 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही लॉगिन न करता शोधता येतं की धंद्याचं नाव काय, मालकाचं नाव काय, नोंदणी कधीची, रद्द तर झाली नाही ना. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या एकाची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली. आता यात एक लक्षात ठेवा, लहान माणसाकडे जीएसटी नसेल तर तो लबाड असं मुळीच नाही, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी घ्यावीच लागत नाही. लबाडी तिथे आहे जिथे नोंदणी नाही आणि तरी बिलात जीएसटी लावलाय.

पण कागद म्हणजे निम्मंही काम नाही. खरं कळतं ते त्याच्या कामाच्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्यातरी लग्नात, आणि तेही जेवणं झाल्यावर. आम्ही त्या घरच्यांची परवानगी घेऊन दुपारी 3 नंतर जातो. मागच्या बाजूला सिलेंडर निळे आहेत की लाल ते बघायचं, धंद्याचा 19 किलोचा निळा असतो, घरगुती लाल सिलेंडरवर हजार माणसाचा स्वयंपाक चाललेला दिसला तर जो माणूस तिथे नियम मोडतो तो तुमच्याकडे तेलात वाचवणार नाही कशावरून? पिण्याचं पाणी कुठून भरलंय ते बघायचं. उरलेलं अन्न झाकलंय का ते बघायचं. आणि भांडी घासणाऱ्या मावशी असतात ना, त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसायचं. त्यांना विचारायचं की रोजचे पैसे रोज मिळतात का. ज्या केटररच्या मावशी सांगतात की मागच्या तिथीचे अजून बाकी आहेत, त्याच्या माणसांचा भरवसा नसतो, दाट तिथीला त्या दुसरीकडे जातात आणि तुमच्या लग्नात वाढायला कॉलेजची नवखी पोरं उभी राहतात. निफाडच्या लग्नाआधी मी अशी एका मावशीजवळ बसले असते तर मला सगळं कळलं असतं.

केटररला विचारायचा एक प्रश्न मी सगळ्यांना सांगते. जेवण कसं असेल हे नका विचारू, त्या तारखेला तुमच्याकडे अजून किती कामं आहेत आणि आमच्याकडे शेगडीपाशी कोण असेल, त्याचं नाव सांगा, हे विचारा. आणि ते नाव कागदावर लिहून घ्या.

फोटोवाल्यांचं वेगळं असतं. इंस्टावर दिसतात ते पन्नास लग्नांतले निवडक पन्नास फोटो. आम्ही म्हणतो एकाच लग्नाचा पूर्ण अल्बम दाखव, हळदीपासून पाठवणीपर्यंत, दुपारच्या उन्हातले आणि हॉलमधल्या पिवळ्या लाईटमधले फोटो बघू दे. एका पेजवरचे फोटो मी गुगल लेन्सवर टाकले तर ते राजस्थानातल्या एका स्टुडिओचे निघाले, मागे हवेली दिसतेय आणि खाली लिहिलंय त्र्यंबक रोड. शिवाय डेटा किती ठिकाणी ठेवता, कार्ड कधी रिकामं करता हे विचारायचं, कारण भात परत शिजवता येतो, अंतरपाट परत धरता येत नाही.

मांडववाल्याचा मला नवऱ्यामुळे जास्त अंदाज. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट ठरलेली, त्यामुळे कमान किती सुंदर यापेक्षा खांब कशात रोवलेत, ताण किती दिलेत, वायरींचे जोड टेपने बांधून गवतात तर सोडले नाहीत ना, जनरेटरला अर्थिंग आहे का, हे मिस्टर स्वतः जाऊन हात लावून बघतात. कार्यालयाकडे फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो, तो दर जानेवारी आणि जुलैला नवा द्यायचा असतो, जुना कागद चालत नाही.

मग कोरोना आला. मार्च 2020 ला आमच्या हातात त्या सीझनची 41 लग्नं होती, सगळी थांबली. नंतर 50 माणसांत लग्नं झाली आणि एप्रिल 2021 मध्ये तर 25 माणसं आणि दोन तासांत सगळं उरका असा आदेश आला. भांडणं सगळी ऍडव्हान्सवरून. लग्नघर म्हणतं आमचे पैसे परत द्या, व्हेंडर म्हणतो मी कुठून देऊ, माझ्याही घरात चूल पेटवायचीय. दोघंही खरंच बोलत होते. बँडमधली कसलेली माणसं हातगाडीवर भाजी विकत होती, ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या दोन वर्षांत मी एक वही केली, कोणी पैसे परत दिले, कोणी निम्मे दिले, कोणी पुढच्या तारखेला जुन्या रेटनेच काम करून दिलं आणि कोणी फोनच उचलायचं बंद केलं. त्यात 31 नावं अशी आहेत ज्यांनी स्वतः अडचणीत असून शब्द पाळला. आजही कुणाचं नाव सांगायचं झालं तर मी आधी ती वही उघडते. तेव्हापासून करारात तारीख पुढे गेली तर काय आणि लग्नच मोडलं तर काय या दोन ओळी असतातच, आणि पैसे टप्प्याने, थोडे तारीख धरताना, थोडे आठवडाभर आधी, उरलेले ताटं मोजून झाल्यावर.

ताटं मोजण्याचं सांगायलाच हवं, कारण यात व्हेंडर पण भरडला जातो. लग्नघर म्हणतं 800 जेवले, केटरर म्हणतो 1050, आणि मांडवातच आवाज चढतात. आम्ही सकाळी ताटांच्या थप्प्या दोन्हीकडच्या एकेका माणसासमोर मोजून चिठ्ठीवर सही घेतो, मधे धुतलेली ताटं परत थप्पीत घालायची नाहीत, वेगळ्या टेबलावर मोजून द्यायची, शेवटी उरलेली मोजली की विषय संपला. बाकी पैसे बुडवणारी लग्नघरंही असतात आणि ती असली तर मी व्हेंडरच्या बाजूने उभी राहते, फी मला लग्नघराने दिलेली असली तरी.

अलीकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते परदेशातल्या आपल्या लोकांचे. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी दुबईला, लग्न डिसेंबरमध्ये नाशिकला, आणि बुकिंग सगळं फोनवरून. मागच्या वर्षी एका मुलीने डेकोरेशनवाल्याला पाठवायला 80,000 तयार ठेवले होते, पेज मोठं, फॉलोअर भरपूर, बोलणं गोड, आणि आज रात्रीपर्यंत पाठवा नाहीतर तारीख जाते अशी घाई. मी म्हटलं थांब एक दिवस. दिलेल्या पत्त्यावर गेले तर तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान, त्यांना काही माहीत नाही. क्यूआर स्कॅन केला तर पेजच्या मालकाचं नाव एक आणि पैसे जाणार भलत्याच नावाला. पैसे वाचले. पण ज्यांचे गेलेत त्यांना मी हेच सांगते की लाजून घरात बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. काम अर्धवट सोडलं, ऍडव्हान्स अडकवला असं असेल तर ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः जाऊन तक्रार देता येते, वकील लागतोच असं नाही. पावत्या आणि चॅट मात्र जपून ठेवा.

आज आम्ही ऑफिसात चौघं आहोत. मी, मिस्टर, माझी भाची आणि एक मुलगा जो आधी वाढपी म्हणून काम करायचा, त्याला मागच्या बाजूला काय चालतं ते माझ्यापेक्षा जास्त दिसतं. मेकअपवाल्या आणि घोडीवाले यांचं तपासणं आम्हाला अजून नीट जमलेलं नाही, ते लग्नघराला तसं स्पष्ट सांगतो आणि त्याची फी घेत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी भरत आल्यात. उद्या ओझरला एका नवीन आचाऱ्याचं काम बघायला जायचंय, जेवणं उठल्यावर, 3 वाजता, भाचीला म्हटलंय या वेळी मावशींजवळ तू बस.