कंबोईची भरती आणि एक कर्ल्यू

बडोद्याहून कावी-कंबोईला लोक जातात ते स्तंभेश्वराच्या दर्शनाला. भरतीच्या पाण्यात रोज दोनदा बुडणारं महादेवाचं देऊळ म्हणून. मी आणि मामा गेलो ते पक्ष्यांसाठी, होळीच्या थोडं आधी. पादरा, जंबुसर केव्हा मागे पडलं ते गप्पांत कळलंच नाही.

पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी. वाळूचा किनारा मनात धरून इथे कुणी येऊ नये. मही खंभातच्या आखाताला मिळते ती भरपूर गाळ घेऊन. समोर नजर जाईल तिथवर राखाडी, चकचकीत चिखल, आणि पक्षी पार पलीकडे पाण्याच्या कडेला, तिळाएवढे. दुर्बिणीतूनही तुतवार कुठला आणि चिखल्या कुठला ते ठरेना. भरतीची वेळ न बघता मीच घाई केली होती. मामा एवढंच म्हणाले, "बस जरा. पाणी चढू दे, तेच आणेल त्यांना आपल्याकडे." दोन तास उन्हात काढले. दांडिया बाजारातून घेतलेली भाकरवडी तिथेच संपली.

इथे भरती लाटांनी येत नाही. आधी चिखलातले ओघळ भरतात, मग मधले उंचवटे गुपचूप बुडतात. जागा आटत गेली तसे पक्षी पुढे सरकत आले, आणि एक कर्ल्यू आमच्यापासून तीस पावलांवर येऊन थांबला. मातकट, कोंबडीएवढा पक्षी, पण चोच! लांबलचक, खाली वळलेली, अर्ध्या काढलेल्या धनुष्यासारखी. मादीची चोच नरापेक्षा लांब असते, ही पाहून मामा कुजबुजले, "मादीच आहे बघ." तिने चोच मुळापर्यंत चिखलात खुपसली, मान किंचित पिळली आणि खेकडा बाहेर ओढला. मग तो झटकायला लागली. एक पाय गळला, दुसरा गळला. उरलेला खेकडा गिळून ती पुढच्या बिळाकडे वळली. मी श्वास रोखून बसले होते.

तेवढ्यात चार पोरं मोबाइल उंच धरून, टाळ्या वाजवत थेट थव्यात धावली. सगळा किनारा एकदम उठला. तिची ती लांब, चढत जाणारी शीळ अजून कानात आहे.

मी ओरडलेच त्यांच्यावर. एकजण शांतपणे म्हणाला, "उडे तो ज फोटो सारो आवे ने, बेन."

मला राग आवरेना. हे दिवस पक्ष्यांचे अंगात चरबी साठवायचे आहेत. थोड्याच दिवसांत ते मध्य आशिया, सायबेरियाकडे घरट्यांसाठी निघणार, हजारो किलोमीटर. खायला मिळतं ते चिखल उघडा असेल तेवढाच वेळ, आणि प्रत्येक वेळी उडवलं की साठवलेलं त्यातच जळतं. मी सांगायला गेले तोवर पोरं देवळाकडे निघाली होती. मामांनी माझा हात धरला. "राहू दे."

आम्ही बराच वेळ थांबलो. ती आली नाही. खेकडा जिथून निघाला ते भोक आणि भोवतीची तीन बोटांची पावलं अजून दिसत होती. मग ओघळातलं पाणी तिथपर्यंत चढलं.