पाट्यांपासून विमानांपर्यंत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा पाट्यांचा. दारावरची नावं, ऑफिसातले बाण, बक्षीस समारंभाच्या ट्रॉफ्या. ॲक्रिलिक कापायचं, कडा घासून पॉलिश करायच्या, अक्षरं कोरायची. विमानांशी आमचा संबंध एवढाच, की एका ट्रॉफीवर सोनेरी रंगाचं प्लास्टिकचं विमान चिकटवून दिलं होतं आणि तेही उलटं चिकटलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी एक गृहस्थ रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. टेबलावर ठेवलं तर खट्ट आवाज झाला. बोइंग ७४७-४०० विमानाचं मॉडेल, धातूचं, १:४०० मापाचं. खरं विमान सत्तर मीटरच्या वर लांब, हे जेमतेम पावणेअठरा सेंटीमीटर. म्हणाले, "याला स्टँड हवाय, पण स्टँड दिसता कामा नये." हे ऐकून मी हसलो. बायको हसली नाही. तिने विमान हातात घेऊन उलटं केलं, पोट बघितलं आणि विचारलं, "आधार कुठे दिलेला चालेल, ते सांगा." आमच्या आजच्या धंद्याची सुरुवात मी त्या प्रश्नापासून मोजतो. श्रेय अर्थातच माझं नाही.

तीन दिवस खपून दोन मिलिमीटर जाडीचा पारदर्शक आधार केला. पुढच्या महिन्यात ते अकरा विमानं घेऊन आले, मग त्यांचे मित्र आले. एकाला स्टँड, दुसऱ्याला धूळ न शिरणारी पेटी, तिसऱ्याला भिंतीवरचं कपाट. वर्षभरात ट्रॉफ्या मागे पडल्या.

पहिला मोठा फटका आम्ही स्वतःच ओढवून घेतला. विमान स्टँडवरून घसरू नये म्हणून आधाराच्या टोकांवर मऊ, पारदर्शक पीव्हीसीचे ठिपके लावत होतो. दिसायला सुबक, पकडही छान. आठ-दहा महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या. विमानाच्या पोटावर चिकट, चकाकते गोल डाग, आणि पुसायला जावं तर रंगच हलतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात, ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि रंगात शिरतं, हे आम्हाला तेव्हा समजलं. विकलेल्या प्रत्येक स्टँडचे ठिपके काढून दिले. सहा विमानं बदलून द्यावी लागली, त्यातली दोन बाजारात मिळेनाशी झाली होती. ती शोधता शोधता जगभरच्या विक्रेत्यांशी ओळखी झाल्या आणि आम्ही विमानं विकायला लागलो. म्हणजे हा विभाग आम्ही विचारपूर्वक काढला, असं कुणी म्हणालं तर मी खोडत नाही, पण खरं ते असं आहे.

विकायला लागल्यावर पहिलं कळलं ते हे, की कलेक्टर, म्हणजे अशी मॉडेलं जमवणारा हौशी माणूस, "विमान" विकत घेत नाही. तो एक विशिष्ट विमान घेतो, शेपटीजवळ लिहिलेल्या नोंदणी क्रमांकासकट. तो त्यातून कधीतरी प्रवास करून आलेला असतो, किंवा वडील त्यावर काम करत असतात. खऱ्या विमानावर ती अक्षरं तीस सेंटीमीटर उंच असली, तर १:४०० मध्ये पाऊण मिलिमीटर भरतात. पण चुकली की मॉडेल त्या माणसाच्या लेखी संपलं.

आमच्याकडे एकदा बारा नगांची खेप आली आणि अकरा गेले. अकराव्या गिऱ्हाइकाने भिंगातून बघून फोन केला: क्रमांकातलं शेवटचं अक्षर चुकलंय, या क्रमांकाचं विमान त्या एअरलाइनकडे कधी नव्हतंच. आधीच्या दहाजणांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही दहाही जणांना स्वतःहून कळवलं. सातजणांनी परत केलं. तिघे म्हणाले, राहू दे, चुकीचं म्हणूनच ठेवतो. बनवणाऱ्या कंपनीने आधी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या पत्राला "पुढच्या वेळी लक्षात ठेवू" आलं आणि तिसऱ्यानंतर दुरुस्त अक्षरांचे छोटे स्टिकर. ते लावायला लागणारा स्थिर हात मात्र त्यांनी पाठवला नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बॉक्स उघडून, पांढऱ्या कापडावर, दहापट भिंगाखाली तपासला जातो: चाकं पूर्ण आहेत का, अँटेना वाकलीय का, खिडक्यांची रांग दारापाशी तुटते का.

चूक होते कुठे, हे समजून घ्यायला मी थोडं शिकलो. ही विमानं झामॅक नावाच्या जस्ताच्या मिश्रधातूची. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, शिवाय थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. हा धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे पोलादी साच्याला फार त्रास होत नाही आणि एकाच साच्यातून लाखाच्या घरात नग निघू शकतात. रंग फवारतात, पण अक्षरं आणि पट्टे पॅड प्रिंटिंगचे. कोरलेल्या पट्टीतली शाई सिलिकॉनचा गुबगुबीत गोळा उचलतो आणि गोल पोटावर दाबतो. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी, वेगळा दाब. पट्टी बदलणं सोपं, साचा बदलणं महाग. म्हणून अक्षराची चूक पुढच्या खेपेत सुधारते, पण नाकाचा उतार चुकला तर तो डझनभर एअरलाइन्सच्या रंगांखाली वर्षानुवर्षं तसाच विकला जातो. मुरलेला कलेक्टर एअरलाइनच्या आधी विचारतो, "साचा कोणता?" जुन्या पद्धतीत पंख आणि पोटाचा भाग एकाच तुकड्यात येतो आणि धड त्यात पाळण्यात ठेवल्यासारखं बसतं, त्याची फट ऐन रंगाच्या पट्ट्यातून जाते. नव्या साच्यांत पंख खाचेत बसतात. एकदा हा फरक दिसला की न दिसल्यासारखं करता येत नाही.

कंपन्या कलेक्टरचं ऐकतात का? काही ऐकतात. रंगवलेल्या नमुन्याचे फोटो उत्पादनाआधी दाखवतात, आणि लोक तुटून पडतात: निळा फिका आहे, इंजिनाचं तोंड लहान आहे. त्यातलं निम्मं बरोबर असतं. लढाऊ विमानांत, १:७२ मापात, हॉबी मास्टरसारखे उत्पादक चाकं बाहेर किंवा आत, असे दोन्ही पर्याय देतात, क्षेपणास्त्रं वेगळी देतात, म्हणजे मांडणी तुमची. तिथे वाद पत्र्यांच्या जोडरेषांचा. खरी तीन मिलिमीटरची फट १:७२ मध्ये पाच शतांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे न दाखवली तरच ते मापात. पण रेषाच नसली तर विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं, म्हणून सगळेच ती वाढवून कोरतात. किती वाढवायची, ही चवीची बाब.

"मर्यादित आवृत्ती" या शब्दांवर माझा राग आहे. बॉक्समध्ये क्रमांकाचं कार्ड असतं, इतकेच नग म्हणून सांगतात, आणि सहा महिन्यांत तेच विमान, तेच रंग, फक्त शेजारचा नोंदणी क्रमांक. शब्द मोडला म्हणता येत नाही, पाळला म्हणवत नाही. आम्ही आता गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, भाव चढेल म्हणून घेऊ नका.

प्री-ऑर्डर घेणं म्हणजे आमच्यासारख्या छोट्यांचा जीव टांगणीला. घोषणा आज, माल कधीकधी वर्षाने. कमी मागवलं तर गिऱ्हाईक तुटतं, जास्त मागवलं तर मालवाहू विमानं कपाटात बसून राहतात. माझे अंदाज बहुतेक वेळा चुकतात. ७४७ चं शेवटचं, १,५७४वं विमान जानेवारी २०२३ मध्ये ॲटलास एअरला गेलं, तेव्हा मला वाटलं लोकांचा रस ओसरेल. झालं नेमकं उलटं.

जुन्या वस्तूही येतात. एका बाईंनी आजोबांचं डिंकी टॉइज या जुन्या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडचं, दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं विमान आणलं. डिंकीने १९३४ पासून विमानं काढली. पंखाला केसासारख्या भेगा होत्या, टोक उचलल्यावर बोटात भुगा आला. जस्तात शिसं जरासंही मिसळलं गेलं असेल, तर धातू आतल्या आत कणाकणांच्या सीमेवर कुजतो. याला दुरुस्ती नाही. आम्ही बंद पेटी करून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि हलवू नका एवढंच सांगितलं.

सध्या टेबलावर आहे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान कॉनकॉर्ड, नोंदणी क्रमांक जी-बीओएडी, १:२०० मध्ये जवळजवळ एकतीस सेंटीमीटर. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स लंडन-बाहरीन-सिंगापूर मार्ग मिळून चालवत होत्या, तेव्हा या विमानाच्या डाव्या अंगावर सिंगापूरचे रंग होते आणि उजव्यावर ब्रिटिशचे. १९८० मध्ये तो मार्ग बंद झाला. गिऱ्हाइकाला कपाटात दोन्ही बाजू एकदम दिसायला हव्यात. मी मोठ्या ऐटीत मागे आरसा लावून दिला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आरशात ब्रिटिश एअरवेज उलटं वाचावं लागतंय."

बायकोने आरसा काढून टाकला आणि खाली बेअरिंगची फिरती बैठक लावली. एका बोटाने ढकललं की विमान सावकाश वळतं. आता बैठक अर्ध्या फेरीवर आपोआप अडकेल, अशी खाच घालायचं काम चाललंय.