म्हातारीचं सेंट्रल लॉक, पुढचा हप्ता: भूत सापडलं, बिजागरीत बसलं होतं

मंडळी, मागच्या वेळी आमच्या म्हातारीच्या, म्हणजे जुन्या झेनच्या, डाव्या मागच्या दाराची गन (कुलूप वर-खाली करणारी छोटी मोटर) बदलून मी जे मोठ्या ऐटीत हात झटकले होते ते परत काळे झाले. चार दिवस चाललं सगळं झकास. पाचव्या रात्री अडीचला, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि खळ्यातून खटॅक-खटॅक-खटॅक, थांबायचं नावच नाही. आई खिडकीतून ओरडली, "अरे झिला, गाडयेत कोणतरी आसा!" छत्री घेऊन धावलो तर गाडीत कोणी नाही, चारही दारांची बटणं आपली आपण वर-खाली नाचतायत, जसं काय आतून कोणीतरी फुगडी घालतंय. फ्यूज उपटायला खाली वाकेपर्यंत छत्री उलटी झाली ते वेगळंच. सकाळी बॅटरीवर १०.९ व्होल्ट. किती वेळ चालू होतं देव जाणे, स्टार्टरने नुसता "टक्" केलं आणि गप्प.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: गाडी २००२ ची मारुती झेन, मालवणात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर राहते, झोपते माडाखाली. सेंट्रल लॉक कंपनीचं नाही, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला चार गनचा सेट आहे. ड्रायव्हरच्या दारात पाच तारांची मास्टर गन, बाकी तिघांना दोन-दोन तारा, या सगळ्यांना हुकूम सोडणारी डबी स्टिअरिंगच्या खाली पायाजवळ. बसवणाऱ्याने तारा जोडताना पिळून वर टेप गुंडाळलीय, सोल्डर नाही की थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) नाही, त्या टेपचा आता नुसता गुळासारखा चिकटा झालाय. म्हातारीचा यात काहीच दोष नाही, इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं.

तर भुताटकी. माझा पहिला संशय अर्थातच डबीवर, कारण ती बदलायला सगळ्यात सोपी. कुडाळच्या एका दुकानातून नवी आणली, दुकानदार म्हणाला सेम टू सेम, घरी येऊन बघतो तर कनेक्टरचे रंग वेगळे आणि आकृतीचा कागद कुठल्या तरी तिसऱ्याच मॉडेलचा. परत करायला गेलो तर "इलेक्ट्रिकल आयटम रिटर्न नाय". ठीक आहे. कनेक्टर जुना कापून जोडला, लावली, दोन दिवस शांतता, तिसऱ्या पावसाला परत फुगडी. म्हणजे डबी निर्दोष. मग मास्टर गनमधल्या स्विचवर संशय. दाराचं पॅड काढलं (काच फिरवायच्या हँडलची क्लिप काढायला फडक्याची युक्ती वापरा, फडकं मागून घालून दोन्ही बाजूंनी ओढत घासायचं, क्लिप टुणकन उडते, फक्त ती कुठे उडाली ते बघायला एक माणूस जवळ ठेवा), गन उघडली, आतला स्विच स्वच्छ. तरी पुसला. काही फरक नाही.

मग सगळ्या तारा मीटरवर (तार अखंड असली की बीप करणारा मल्टिमीटर) घेतल्या. डबीच्या टोकापासून गनच्या टोकापर्यंत एक-एक तार. बीप, बीप, बीप, बीप, बीप. पाचही. एकमेकींना कुठे शॉर्ट? नाही. तीन रविवार मी हेच केलं हो. ऊन पडलं की गाडी खळ्यात घ्यायची, दार सताड उघडायचं, मीटर लावायचा, सगळं ओके यायचं, पॅड बसवायचं, रात्री पाऊस आला की फुगडी. बायको म्हणाली गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेऊया. मी हसलो, पण मनात म्हटलं नारळाचाच खर्च आहे.

शोध लावला पोरीने. मी खाली आडवा पडून पांढऱ्या तारेवर मीटर लावलेला, बीप चालू, आणि ती दाराला लोंबकळून झोके घेतेय. मी ओरडणार तेवढ्यात तीच म्हणते, "बाबा, हा मधेच गप्प का बसतो?" दार पूर्ण उघडं, बीप. अर्ध्यावर आलं, बीप तुटक. अजून थोडं बंद, चिडीचूप. परत उघड, बीप. मी तिला म्हटलं बाळा, परत झोका घे. सात-आठ वेळा घ्यायला लावला. तीन रविवार मी दार उघडं ठेवून मोजत होतो आणि गाडी रात्रभर उभी असते दार बंद करून!

बिजागरीजवळ जो रबर बूट असतो ना, दार ज्याला टांगलेलं असतं त्या खांबातून दारात तारा नेणारा, तो खांबाच्या भोकातून वरच्या बाजूला निसटलेला होता. वरून पागोळी धरल्यासारखं पाणी सरळ आत, आणि बुटाच्या खालच्या वळणात साठत होतं. रबर एवढं कडक झालेलं की निघेना, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं तेव्हा मऊ पडलं. आतून आधी चमचाभर तांबडं पाणी आलं, मग तारा. पांढरी आणि चॉकलेटी दोन्हींचं आवरण वळणावर तडकलेलं, काळीचं पण, आणि तिघी एकमेकींना चिकटून बसलेल्या, आत तांबं जेमतेम, बाकी नुसती हिरवी पूड. पांढरीचे तर तीन-चार केस (तारेतले बारीक तंतू) तेवढे शिल्लक. नखाने खरवडलं तर तेही आले हातात.

आता कोडं सुटतं बघा. मास्टर गनमधला स्विच काय करतो, बटण खाली असलं की चॉकलेटीला काळीशी जोडतो, वर असलं की पांढरीला. काळी म्हणजे अर्थ (अर्थिंगमधला, बॅटरीच्या मायनसला जोडलेली). डबी एवढंच बघते की कुठली तार नव्याने अर्थ झाली, त्याप्रमाणे मोटरींना एक झटका सुलटा किंवा उलटा देते. बुटात खारं पाणी साठलं की पांढरी अर्धवट अर्थ होते, डबीला वाटतं मालक उघडतोय, ती उघडते. उघडल्यावर स्विच पलटतो, आता चॉकलेटी मोकळी, पण तीही पाण्यात, डबीला वाटतं मालक लावतोय. लावते. परत पांढरी. झाली फुगडी सुरू. खात्रीसाठी दोन्ही टोकांचे कनेक्टर काढले, बुटात चार थेंब पाणी सोडलं आणि मोजलं, पांढरी ते काळी ४.७ किलोओम, चॉकलेटी ते काळी सहाच्या आसपास. सुकल्यावर मीटर परत ओपन (म्हणजे कुठे जोडच नाही) दाखवतो, जसं काही घडलंच नाही. लबाड लेकाचा.

आणि अजून एक. ड्रायव्हरचं दार बाकीच्यांपेक्षा मरतुकडं लागायचं, ते मी गन म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेलं. मोटरीच्या निळ्या तारेला बीप व्यवस्थित येत होती, पण मीटर ३०-४० ओमला पण बीप करतो, त्याला काय. म्हणून जुना हेडलाइटचा एच-फोर बल्ब घेतला, डीपचं फिलामेंट ठीक असलेला, ५५ वॅट म्हणजे साडेचार अँपिअर ओढणार, आणि निळ्या तारेतून पेटवला. बॅटरीला १२.४, बल्बवर ८.९. साडेतीन व्होल्ट बुटातल्या त्या वितीएवढ्या तुकड्यात गायब, बल्ब नुसता पिवळट. बिचारी मोटर काय ओढणार. तेव्हा मोटरीच्या तारा बीपवर तपासू नका, बल्बवर तपासा. माझा तो मीटर आता पेन्सिल सेल मोजायला ठेवलाय.

तार आणायला परत कुडाळला जाणार होतो, पण जेट्टीवर बोटींची वायरिंग करणारे एक तात्या आहेत, सहज विचारलं. त्यांनी माझा हिरवा तुकडा बघितला आणि हसले. "गाडयेची तार कित्याक घालतंस? दोन पावसात हिरवी जातली ती." त्यांच्याकडे बोटीची तार असते, आतला प्रत्येक केस कल्हई केलेला, चंदेरी दिसतो, बारीक केसांची म्हणून मऊ पण. किंमत साध्या तारेच्या दुपटीहून जास्त, पण पाहिजे तेवढीच मापून कापून देतात आणि जास्तीचं काही गळ्यात मारत नाहीत. आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) पण तिथेच मिळाली, जी मला गाडीच्या एकाही दुकानात मिळाली नव्हती. इथून पुढे आपलं दुकान तेच. ट्रॉलरवर चालतं ते माडाखाली चालेलच की.

पाचही तारा नव्या ओढल्या, खांबाच्या आतून दाराच्या आतपर्यंत अखंड. वळणात जोड नाहीच ठेवला, आणि सोल्डर तर अजिबात नाही, सोल्डर केसांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथेच तार वाकून वाकून तुटते. थिंबल दाबून, वर श्रिंक, दोन्ही जोड कोरड्या जागी. बुटातून तारा घालायला टाल्कम पावडर आणि सायकलची जुनी ब्रेक केबल, दीड तास आणि बऱ्याच शिव्या. पण शेवटी तो बूट खांबाच्या भोकात "टप्" करून बसला ना, त्या आवाजासाठी मी अजून एक दार उघडेन! दाराच्या तळाची पाणी जायची भोकं पण तांबड्या मातीने पक्की बुजलेली, खराट्याच्या काडीने मोकळी केली, कपभर चिखल निघाला. दार लावल्यावर चारही गन एका ठोक्यात, खट्ट. चार वेगवेगळे खटखट नाहीत, एकच.

कुलपात खोबरेल तेल घालायचा सल्ला देणारे काका, तुमचं ऐकून मागच्या वर्षी मीच घातलं होतं, त्याचा खवट डिंक आता टूथब्रशने काढला. पांढरं ग्रीस लावलंय.

पुढचा प्लॅन रिमोटचा होता, चवथीच्या आधी. तो आता पुढे. कारण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की बाकीच्या तीन दारांचे बूट पण त्याच वयाचे, तिथे फक्त मोटरीच्या तारा आहेत म्हणून भुताटकी होणार नाही, पण व्होल्ट खात असणारच. म्हणजे आधी बल्ब घेऊन तिन्ही दारं. आणि दुसरं, आत्ताच उठून जुनी डबी उघडून बघून आलो, दोन्ही स्विचच्या तारांना बारा व्होल्टला बांधणारे रेझिस्टर १० किलोओमचे आहेत, अंगावरचे पट्टे चॉकलेटी-काळा-नारिंगी. म्हणजे ४.७ किलोची गळती झाली की तारेवर जेमतेम ३.८ व्होल्ट उरतात, डबी ते अर्थ समजणारच. तिथे १ किलोचा जोडला तर तेवढ्याच गळतीला ९.९ उरतील आणि डबी फसणार नाही. दोन रेझिस्टर, खर्च नगण्य. मेहुणा मुंबईहून गणपतीला येतोय, त्याला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणायला सांगितलेत, सोबत दोन रिले पण, असावेत. नव्या डबीत आतून काय आहे ते अजून बघितलं नाही, कोणी उघडली असेल तर सांगा.

चवथीला मूर्ती गणपती घडवतात त्या शाळेतून याच गाडीतून आणायची आहे आणि गणपती आत बसवून दारं स्वतःहून लागली तर आई मला जन्मभर ऐकवेल, म्हणून तोपर्यंत दुसरी चावी बायकोच्या पर्समध्ये.

आत्ता साडेअकरा वाजलेत, फ्यूज लावलेला आहे, पाऊस मघापासून छपराच्या नळ्यांवर वाजतोय. खळ्यातून अजून काही आवाज नाही. मी पडवीत खुर्ची टाकून बसलोय, छत्री जवळच आहे.